मंडळाचं बटण

चाकणच्या कारखान्यात मी गाड्यांच्या वायरिंगचे जुडगे तपासायचे. तिथे प्रत्येक टेबलाखाली एक लाल क्रेट असे. दोष सापडलेला माल त्यात टाकायचा आणि झाकणाला कुलूप लावायचं, म्हणजे कुणी तो गुपचूप उचलून चांगल्या मालात मिसळू नये. गुडघ्यांनी राजीनामा दिला तेव्हा मीही दिला. बाकी सगळं तिथेच ठेवलं, तो क्रेट तेवढा मनात घेऊन आले. त्यात आता मी माणसं टाकते. किल्ली माझ्याकडे असते आणि मी ती सहसा वापरत नाही.

सध्या त्यात सगळ्यात वर आहेत आमच्या शेजारचे काका.

काका चिंचवड गावठाणातले मूळचे. आमच्या गल्लीतली प्रत्येक भिंत त्यांच्या एकेकाळच्या वांग्यांच्या वाफ्यावर उभी आहे आणि हे ते कुणाला विसरू देत नाहीत. गल्लीच्या गणेश मंडळाचे अध्यक्ष तेच. कुणी गाडी धुताना पाणी सांडलं, की गॅलरीतून खाकरणारेही तेच. आम्ही लातूरकडून आलेली माणसं. इथे राहून अर्धं आयुष्य गेलं, घर झालं, सून आली, नात झाली, तरी काकांच्या लेखी आमची पिशवी अजून एसटीतून उतरतेच आहे.

आमचं घर अर्ध्या गुंठ्यातलं. जमीन कमी म्हणून आभाळाकडे वाढवलेलं. खाली आम्ही दोघं, मधल्या मजल्यावर स्वयंपाकघर, सगळ्यात वर मुलगा, सून आणि दोन वर्षांची नात. सून माणच्या एका आयटी कंपनीत आहे. बाळंतपणानंतर कंपनीने तिला घरून काम करायला दिलं, पण एक अट घालून. सकाळी सिंगापूरच्या गिऱ्हाइकाबरोबर तिची मीटिंग असते, ती अर्ध्यात तुटता कामा नये. तुटत राहिली तर रोज ऑफिसला यायचं. रोज ऑफिस म्हणजे चिंचवड ते माण आणि परत, त्या ट्रॅफिकमध्ये. तेव्हा मुलाने आणि तिने ठरवलं होतं, तशी वेळ आली तर तिकडेच भाड्याने घर घ्यायचं आणि लेकराला तिथल्या पाळणाघरात घालायचं.

म्हणजे माझी नात जाणार. सकाळी उठून माझ्या पोटावर बसणारी, चहात बोट बुडवून ते माझ्या गालाला पुसणारी नात. माझ्यासाठी सगळा प्रश्न एवढाच होता. पुढे मी जे जे केलं ते त्या तराजूत घालून बघावं.

वरपर्यंत नेट पोचावं म्हणून मुलाने तीन डब्यांचं वायफाय बसवलं होतं. मेश म्हणतात त्याला. पहिला डबा खाली टीव्हीजवळ, दुसरा जिन्यात, तिसरा सुनेच्या टेबलावर. खालचा मधल्याला हाक मारतो, मधला वरच्याला. मधला गप्प बसला की वर सगळं मुकं. आणि उन्हाळा लागल्यापासून ते मुकं व्हायला लागलं. रोज नाही. एखादा दिवस अगदी झकास जायचा, दुसऱ्या दिवशी मीटिंगच्या ऐन मध्यावर सुनेचा चेहरा पडद्यावर थिजायचा, तोंड अर्धवट उघडं, डोळे अर्धवट मिटलेले. ती वरून ओरडायची, "गेलं." मुलगा बाथरूममधून विचारायचा, "गेलं?" मी खालून म्हणायचे, "गेलं गं बाई." लेकराने हे इतक्यांदा ऐकलं, की आई आणि आजी या शब्दांनंतर ती जो तिसरा शब्द शिकली तो "गेलं." दूध संपलं, गेलं. कावळा उडाला, गेलं. आजोबा कामावर निघाले, तरी गेलं.

नेटवाल्यांच्या फोनवरची मुलगी फार गोड बोलायची. "मॅडम, एकदा बंद करून परत चालू करून बघा ना." त्यांचा माणूस दोनदा येऊन गेला. तो यायचा दुपारी, आणि दुपारी आमचं नेट शाळेत पहिल्या बाकावर बसणाऱ्या मुलासारखं वागायचं. तो मोबाइल माझ्यापुढे धरायचा. "लाइन ओके आहे मॅडम. तुमच्या आतल्या बाजूला काहीतरी प्रॉब्लेम असेल." माझ्या आतल्या बाजूला त्या वेळी काय चाललं होतं हे त्याला कळलं असतं तर तो चहाला थांबला नसता. त्यालाही मी क्रेटमध्ये टाकलं, पण वरवर. चहा पिताना त्याने कप स्वतः विसळला होता.

मग मी घरावर संशय घेतला. मायक्रोवेव्ह बंद ठेवला. माशांची टाकी हलवली. जिन्यातला डबा भिंतीवर उंच लावला, खाली लावला, आडवा ठेवला. आमचे हे पत्रे ठोकणाऱ्या एका प्रेसशॉपमध्ये शिफ्ट करतात आणि घरी आल्यावर त्यांना कशाचाच आवाज नको असतो. ते म्हणाले, "जाऊ दे ना. आधी काय नेट होतं आपल्याकडे?"

"आधी नात नव्हती," मी म्हणाले. पेपर वर गेला, माणूस त्यामागे.

काकांची नेमणूक क्रेटमध्ये झाली ती एका सकाळी, नळावर. आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं, आणि पाण्याच्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या बायका दारातल्या नळाशी असतात. त्या उन्हाळ्यात आमच्या नळाला करंगळीएवढी धार होती. बादली भरेपर्यंत बोलण्याखेरीज दुसरं काय करणार. मी नेटचं गाऱ्हाणं सांगत होते. काका गॅलरीत दात घासत उभे. ब्रश तोंडातून काढून म्हणाले, "बाई, तुमी त्या डब्यांनी हवेतनं काय काय वढायला बघता. आमी जमीन इकली तुमाला, व्हय. पन हवा न्हाई इकली."

सगळ्या बायका हसल्या. विनोद चांगला होता, तेच जास्त झोंबलं. मी पण हसले. माझं हसणं असं असतं, की आमचे हे ते ऐकलं की पुढच्या खोलीतून आतल्या खोलीत जातात.

दोष कुठे आहे ते शोधलं माझ्या सुनेने. ती एका संध्याकाळी मोबाइल घेऊन जिन्यात आली. "आई, हे बघा. नेट जातच नाहीये. हा मधला डबा आहे ना, तो स्वतःच बंद पडून पुन्हा सुरू होतोय. कुणीतरी त्याची लाइट काढून घेतल्यासारखा."

"रोज?"

"नाही ना. या आठवड्यात सोमवार, बुधवार, शुक्रवार, रविवार. मागच्या आठवड्यात मंगळवार, गुरुवार, शनिवार. काही ताळमेळच नाही."

तिला नव्हता. ती सकाळी मीटिंगमध्ये असते, नळावर मी असते. एक दिवसाआड धरलं तर एका आठवड्यात सोमवार येतो, पुढच्यात मंगळवार. ते पाण्याचे वार होते.

तिला काही बोलले नाही. खात्री नसताना माल क्रेटमध्ये टाकत नाहीत. पुढच्या पाण्याच्या दिवशी चहा घेऊन जिन्यात बसले, डब्याच्या दिव्याकडे बघत. वायरिंगमध्ये असा दोष सगळ्यात छळतो, कधी लागतो, कधी नाही. त्याच्यामागे धावायचं नसतं. त्याच्या घरी जाऊन बसायचं असतं.

नळाला पाणी आलं. भिंतीपलीकडून घुर्रर्र असा आवाज झाला. जिन्यातला बल्ब क्षणभर डोळा मारल्यासारखा मंद झाला, आणि डब्याचा हिरवा दिवा लाल. वरून सून म्हणाली, "गेलं."

नळाला मोटर. काकांनी नळाला मोटर लावली होती. गल्लीचं पाणी ओढून स्वतःच्या टाकीत चढवत होते. आमची करंगळीएवढी धार त्यामुळेच. पण त्यांच्या मोटरने माझ्या घरातली लाइट का मंद व्हावी? मी जिन्यातल्या बटणांकडे बघितलं आणि मला एकदम कळलं. कळल्यावर चहा नाकात गेला.

आमच्या गल्लीत रीत आहे. गणपतीच्या मांडवाला लाइट एका घरातून घ्यायची. आम्ही इथे आलो त्याच वर्षी काका म्हणाले होते, "नवीन मानसं हाईत, सेवेची संधी त्यांना द्या." तेव्हापासून सेवा आमच्याकडेच. बाहेरच्या भिंतीवर एक पॉइंट, त्याचं बटण जिन्यात, आणि बटणावर मंडळाचा भगवा स्टिकर: हे बटण बंद करू नये. विसर्जन झालं, मांडव उतरला, वायर तशीच राहिली. "पुढच्या वर्षी परत लागंलच की," काका म्हणाले होते. आणि बटण? बाप्पाचं बटण कोण बंद करणार? आमच्या घरात कुणी त्याला हातसुद्धा लावला नव्हता. रंग देणाऱ्यानेही भोवतीने ब्रश फिरवला होता.

मी बाहेर जाऊन बघितलं. ती वायर आमच्या भिंतीवरून मोगऱ्याच्या वेलामागून काकांच्या नळाच्या खड्ड्यात उतरली होती. गल्लीचं पाणी, माझी वीज, आणि वर मलाच हवेचा टोमणा. त्या क्षणी मला जो आनंद झाला तो मला लग्नातसुद्धा झाला नव्हता.

साधं माणूस काय करेल? जाऊन भांडेल. मग काका म्हणतील, कसली मोटर, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या घरातून वायर ओढून पाणी खेचत बसतील. मला भांडण नको होतं. मला त्यांना तेच द्यायचं होतं जे मला मिळालं होतं.

पुढच्या पाण्याच्या दिवशी घुर्रर्र सुरू झालं. मी त्यांची टाकी थोडी भरू दिली. माणसाला आधी सवय लागू द्यावी. मग भगव्या स्टिकरवर बोट ठेवलं आणि बटण दाबलं. घुर्रर्र गेलं. काका बाहेर आले, खड्ड्यात वाकले. मी बटण चालू केलं. मोटर सुरू झाली, काका समाधानाने आत गेले. मी बंद केलं. काका बाहेर. त्यांनी पाइपला लाथ मारली, मी चालू केलं. आपल्या लाथेचा गुण आला असं वाटून ते पाइपकडे कौतुकाने बघत उभे राहिले. मग मी परत बंद केलं.

त्यांनी मोटरवाल्याला बोलावलं. तो येईपर्यंत मी बंद ठेवलं, तो खड्ड्यात वाकला तसं चालू केलं.

"चालतीय की," तो म्हणाला.

"आत्ता बंद व्हती."

"मोटर ओके आहे भाऊ."

मी गॅलरीतून कपडे वाळत घालत होते. मला वाटतं माझ्या आयुष्यात कपडे इतके नीट कधी वाळले नाहीत. "काका, काय झालं हो?"

"काय न्हाई, काय न्हाई. पाइप बघत व्हतो."

"एकदा बंद करून परत चालू करून बघा ना," मी म्हणाले, फोनवरच्या त्या मुलीइतक्याच गोड आवाजात.

हे किती रंगलं असतं देव जाणे. पण नंतरच्या पाण्याच्या दिवशी माझं बोट बटणावर असताना मागे सून उभी. हातात लॅपटॉप, कानात ते पांढरे बोळे, आणि तोंड पडद्यावर थिजतं तसं, फक्त या वेळी खरंखुरं.

"आई, तुम्ही काय करताय?"

मी सांगितलं, वायरीपासून लाथेपर्यंत, अभिनयासकट. मला वाटलं हसेल. हसली पण, मग जिन्यातच बसली.

"आज नेट नेहमीपेक्षा जास्त वेळा गेलं, आई. मोटर सुरू होताना जो झटका बसतो, त्यानेच डबा बंद पडतो. तुम्ही ती पुन्हा पुन्हा सुरू करताय." तिने लॅपटॉप मिटला. "साहेब आत्ता बोलले. पुढच्या बुधवारी मोठी मीटिंग आहे. त्यात तुटलं तर महिन्याच्या एक तारखेपासून रोज ऑफिस. त्या बटणाखाली काकांची मोटर नाही, माझी नोकरी आहे."

"बुधवारी पाणी आहे," मी म्हणाले.

"मग ती वायर काढून टाका ना सरळ. की तुम्हाला सूडच घ्यायचाय?"

"दोन्ही पाहिजे," मी म्हणाले. "एकासाठी दुसरं सोडायला मी काय बाजारात घासाघीस करतेय?"

"ठीक आहे," ती म्हणाली. "पण आधी माझं."

मंगळवारी दुपारी मी मेन बंद करून जिन्यातला बोर्ड उघडला. बटणामागून बाहेर जाणारी वायर सोडवली, टोकाला टेप गुंडाळला, बोर्ड परत बसवला. बटण जागच्या जागी, स्टिकर जागच्या जागी, बाहेर मोगऱ्यामागे वायर जागच्या जागी. नुसतं बटण बंद केलं असतं तर काकांनी एखाद्या निमित्ताने जिन्यात येऊन ते चालू केलं असतं. आता त्यांनी खुशाल यावं.

बुधवारी सकाळी सून वर मीटिंगला बसली. मी नातीला मांडीवर घेऊन जिन्यात, डब्याच्या खाली. नळाला पाणी आलं. भिंतीपलीकडे काहीही नाही. मोटरवाचून पाण्याचा आवाज काय असतो ते मी विसरले होते. आमच्या नळाला मनगटाएवढी धार होती, बाहेर बायका एकमेकींना हाका मारून सांगत होत्या, आज काय पाणी आलंय बघा. डब्याचा दिवा हिरवा.

थोड्या वेळाने दार वाजलं. आमच्या ह्यांनी उघडलं आणि ते आतल्या खोलीत गेले. काका जिन्याच्या खाली उभे.

"ताई, लाइट हाय का तुमच्याकडं?"

बाईची ताई झाली होती. मी ऐकून ठेवलं.

"आहे की काका."

"सगळ्या घरात?"

"सगळ्या. का हो?"

"न्हाई, मंडळाचं बटण जरा बघावं म्हनलं. गणपती आलं जवळ." गणपतीला अजून तीन महिने होते.

ते वर चढायला लागले. बटण माझ्या डोक्याच्या डाव्या हाताला, डब्याची पिन उजव्या हाताला, त्याच बोर्डात. वर सून इंग्रजीत बोलत होती, शांत, एकसारखी. काकांचा हात चुकून पिनेला लागला असता तर सगळं संपलं होतं. मी उठले नाही. नातीला उचलून पिनेच्या बाजूला उभी धरली, तिची पाठ बोर्डाला लावून. लेकराला ढकलून कुणी हात घालत नाही.

काकांनी स्टिकरवर बोट ठेवलं. "चालूच हाय."

"हो की. मंडळाचं बटण आम्ही कधी बंद करतो का?"

त्यांनी ते बंद केलं, चालू केलं. कान भिंतीकडे लावला. पुन्हा बंद केलं, चालू केलं. मी तोंडाच्या आतून गाल चावून धरले होते.

"मग लाइट का येत न्हाई?"

"कुठे येत नाही, काका?"

यावर ते काय बोलणार? नळाच्या खड्ड्यात, असं म्हणणार? आणि मग मी ते वाक्य बोलले, जे दोनदा माझ्या दारात बोललं गेलं होतं आणि जे मी जपून ठेवलं होतं.

"लाइन ओके आहे काका. तुमच्या आतल्या बाजूला काहीतरी प्रॉब्लेम असेल."

नातीने काकांच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे नीट निरखून बघितलं. "गेलं," ती म्हणाली.

"काय म्हनती ही?"

"काही नाही. शिकतेय."

काका एकेक पायरी उतरून गेले. बाहेर त्यांच्या नळाला धो धो पाणी होतं. त्यांना फक्त बादली लावायची होती, सगळ्यांसारखी. ते खड्ड्याजवळ उभे राहून वायर ओढून बघत राहिले आणि समोरची एक बाई मोठ्याने म्हणाली, "काका, ती कसली हो वायर?" हे मी तिला सांगितलं नव्हतं. सुडाला कधी कधी मदतनीस फुकट मिळतात.

सून खाली आली तेव्हा पाणी जाऊन बराच वेळ झाला होता. तिने कानातले बोळे काढले. "एकदाही नाही गेलं. साहेब म्हणाले, चालू ठेवा घरूनच." मग तिने नातीला घ्यायला हात पुढे केले. नातीने माझी मान घट्ट धरली. मी सुनेला म्हटलं, राहू दे, आज ती माझी आहे.

गणपतीच्या आधी काका मंडळाच्या चार जणांना घेऊन आले. लाइट मागायला. त्यांची मोटर तोवर निघाली होती. बायकांनी त्या वायरीवरून प्रश्न विचारले, आणि खड्डा काँक्रीटने बुजवला गेला.

"देते," मी म्हणाले. "पण विसर्जनाच्या संध्याकाळी वायर गुंडाळून माझ्या हातात. आणि स्टिकर मी काढलाय."

"व्हय, व्हय. आनि ताई, एक आनखी." काकांनी मोबाइल पुढे केला. "आरती लाइव्ह दाखवायची म्हनत्यात पोरं. मांडवात रेंज न्हाई. तुमचं ते वायफाय..."

मी अर्थातच हे येणार म्हणून तयार होते. सुनेकडून पाहुण्यांसाठी वेगळं नेट आणि वेगळा पासवर्ड आधीच करून घेतला होता. "घ्या ना काका. लिहा. इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा सोडायची नाही."

"सांगा."

"हवा. न्हाई. इकली."

चौघांपैकी एकजण खोकला. काकांचं बोट पडद्यावर थांबलं. मी वाट बघितली, मला घाई नव्हती. मग त्यांनी एकेक अक्षर टाइप केलं, खाली मान घालून, आणि मोबाइल कानाजवळ नेल्यासारखा डोळ्यांजवळ नेला.

"लागलं का?" मी विचारलं.

"लागलं," काका म्हणाले.